रुखवतातली मेंढरं

प्रिय राजेश्री,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत. तुझी आई खुशाल आहे, तिच्या शेळ्या खुशाल आहेत, आणि मी तर गेल्या वर्षभरात नव्हतो इतका खुशाल आहे. मग फोन का नाही केला, म्हणशील. एक तर तुझी आई फोन लागला की स्पीकर लावते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला आपलं एक जोडते. दुसरं म्हणजे मला फोनवर बोलता येत नाही. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली. फाटकातल्या फोनवर बोलायचं तरी काय असतं? गाडी सुटली, नंबर लिहून घ्या, गेट बंद. एवढ्या वर्षांत त्या फोनवर मी कुणाला जेवलास का म्हणून विचारलं नाही. अजूनही फोन कानाला लावला की दोन वाक्यांत माझं आटपतं. कागद पुढं घेतला की मात्र आवरत नाही, तेव्हा सवडीनं वाच. ट्रेनिंगच्या तासाला मांडीवर ठेवून वाचू नकोस.

आधी मुद्द्याचं सांगतो. आपल्या रुखवताचं बिंग फुटलं. ते मणीकाम तुझ्या हातचं नाही, माझ्या हातचं आहे, हे तुझ्या सासूबाईंना ठाऊक आहे. आणि काहीही झालेलं नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच बाळ, आणि मग पुढं जा. काहीही झालेलं नाही.

मागच्या फोनवर तू अगदी सहज बोलल्यासारखं बोललीस, की वीज कंपनीचं ट्रेनिंग संपलं की कुठलं गाव पाहिजे ते विचारणार आहेत, तर पाथरी न मागता धुळ्याकडचं काहीतरी मागावं म्हणते. तुझी आई म्हणाली, मागू दे, पोरगी चार गावं बघील. मी मात्र मनातल्या मनात हिशेब मांडत बसलो. रामप्रसादरावांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान पाथरीत, घर पाथरीत, तुम्हा दोघांचं किती जमतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तू तिकडं धुळ्याला एकटीची खोली करून राहणार. कशापायी? तर सासूबाईंसमोर पुन्हा गोधडी शिवायला बसावं लागू नये आणि कधीतरी चोरी पकडली जाऊ नये म्हणून. तू बोलली नाहीस, पण मला कळतं ना. विजेच्या खांबावर सरसर चढणारी माझी पोर बोटभर सुईला भ्याली. याचं मला हसूही येत होतं आणि झोपही लागत नव्हती.

सुरुवात कशी झाली ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहितो, लिहायला मजा येते म्हणून. तुझं लग्न ठरलं आणि तुझ्या दैवशाला आत्यानं फर्मान काढलं, की रुखवत भाड्याचं आणायचं नाही, नवरीच्या हातचं पाहिजे. आजकाल सगळे भाड्यानंच आणतात. मण्यांचे नारळ, मण्यांची गाय, मण्यांचं तुळशीवृंदावन, मांडवात मांडायचं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत. पण दैवशालापुढं कोण बोलणार? तू परभणीहून काचेचे मणी आणलेस, काळी मखमल आणलीस, ती ताणून धरायची लाकडी रिंग आणलीस. मोबाइलवर बघून दोन संध्याकाळी बसलीस आणि मग एकदाचं सगळं भिरकावून दिलंस. घरभर मणी. शेळीच्या करडानं त्यातले थोडे चाटून खाल्ले. तुझ्या आईला सुईचं कोणतं टोक आधी जातं ते माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. शेवटी मीच ते झाडून गोळा केले, रंगाप्रमाणे वाट्यांत निवडले, आणि बघू तरी म्हणून एक ओवला. तो दिवस नि आजचा दिवस, सुई काही हातातून सुटली नाही.

त्यातलं सुख तुला सांगूनही कळायचं नाही, पण सांगतो. रिटायर झाल्यावर पहिले काही महिने मी रिकामा बसलो की माझे कान गाडीकडं लागायचे. लांबून भोंगा ऐकू आला की मी जेवता जेवता उठायचो. मणी हातात आले आणि ते थांबलं. मणी इतका बारीक, की त्याच्याकडं बघताना दुसरं काही दिसतच नाही. दोऱ्याला मेण लावायचं, सुईच्या टोकानं वाटीतून मणी टिपायचा, मखमलीवर बसवायचा, खालून टाका ओढायचा. मेंढरं काढायची हे मीच ठरवलं, दुसरं काय येणार आपल्याला? पहिलं मेंढरू मी मणी ओळीत लावून भरलं, तर ते फरशी बसवल्यासारखं दिसायला लागलं. उसवलं. पुन्हा भरलं, पुन्हा उसवलं. मग एका दुपारी हाताला आपोआप सापडलं. तीन मणी ओवायचे आणि दोनच मण्यांच्या जागेत टाका घालायचा, की मधला मणी आपसूक वर उठतो. असे शेजारी शेजारी घालत गेलो आणि मेंढराच्या पाठीवर लोकर आली. खरीखुरी, हात फिरवावा अशी लोकर. मी घरात एकटाच होतो, तरी मोठ्यानं वा म्हणालो. मग अख्खा कळप केला, आणि पुढं एक तांबडी शेळी घातली, कारण शेळी पुढं असल्याशिवाय मेंढरं चालत नाहीत.

गावात मात्र कुणाला कळू दिलं नाही. आता बघ, माझा बाप मेंढरामागं चालता चालता टकळीवर लोकर कातायचा, घरी येऊन घोंगडी विणायचा. आमच्यात घोंगडी विणणं, तिच्या टोकाला सुटलेल्या दोऱ्यांच्या दशा बांधणं हे गड्यांचंच काम. त्याला कुणी हसलं नाही. पण काचेचे रंगीत मणी म्हटलं की गडी माणसाला लोक हसतात, हे मला माहीत होतं, कारण दुसरा कुणी असता तर मीच हसलो असतो. म्हणून दुपारी दार लावून बसायचो. तुझ्या आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून टाकलं, की ह्यांना दुपारची लय झोप लागती. त्यामुळे आपल्या चुडाव्यात माझी ख्याती झोपाळू म्हणून झाली. जन्मभर ज्यानं ड्युटीवर डोळा लागू दिला नाही त्याची ही गत. तुझी आई बाहेर बाजू सांभाळायची आणि घरात आल्यावर टोमणा मारायची, “लोकाचे गडी पत्ते कुटायलेत, आमचे मणी ओवायलेत.” पण मेंढरांचा कळप पुरा झाला त्या दिवशी ती शेळ्या बांधायच्या सोडून बराच वेळ बघत उभी राहिली, आणि म्हणाली, ती तांबडी आपली चांदी शेळी हाय का? तिच्याकडून एवढं ऐकणं म्हणजे मला शालच मिळाली.

मग लग्नाच्या दिवशी दैवशालानं माइक हातात घेतला. आपलं ठरलं होतं की कुणी विचारलं तर घरात केलंय एवढंच म्हणायचं. पण माइक बघून तिला चेव आला. “हे समदं रुखवत आमच्या राजेश्रीनं सोताच्या हातानं केलंय, मेंढराची लोकर बघा, हात लावून बघा!” तू नवरीच्या वेषात खाली मान घालून बसली होतीस. लोकांना वाटलं पोरगी लाजली. मी लांब आचाऱ्याजवळ उभा होतो. तुझ्या सासूबाई, सरजाबाई आल्या, त्यांनी मेंढरांवरून हात फिरवला, मग ती चौकट उचलून उलटी केली आणि मागची बाजू पाहिली. मला वाटलं, किमतीची चिठ्ठी शोधायल्या असतील. परत सुलटी करून ठेवली आणि काही न बोलता गेल्या. मी म्हटलं, सुटलो.

कुठं सुटलो? त्यानंतरचं वर्ष तुझं तू जाणतेस. दिवाळीला सासूबाई म्हणाल्या, दाराला एक मण्यांचं तोरण कर बाई. तू माळवदावर जाऊन मला रडत फोन केलास. मी चुडाव्यात तोरण केलं आणि लाडवाच्या डब्यात तळाला घालून जीपवाल्याबरोबर पाठवलं. आपल्याला वाटलं, काय डोकं चालवलं! आणि दर दुपारी ते गोधडीला बसणं. तुझ्या हातात सुई दिली की तुझं डोकं दुखायचं, नाहीतर अभ्यास निघायचा, नाहीतर मैत्रिणीचा फोन यायचा. तू मला म्हणायचीस, अण्णा, त्यांना संशय आलाय, त्या माझी परीक्षा घ्यायल्यात. मलाही तसंच वाटायचं. एवढं बारीक मणीकाम करणाऱ्या पोरीला साधा धावदोरा सरळ घालता येऊ नये, हे आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं. वीज कंपनीत तुझी निवड झाली, तू ट्रेनिंगला निघालीस, तेव्हा सगळे म्हणाले नोकरी लागली म्हणून पोरगी खुशीत आहे. तू खुशीत होतीस ती पाथरीहून सुटलीस म्हणून.

आता या आठवड्याचं ऐक. सरजाबाईंचा फोन आला. लग्नानंतर त्यांनी आपणहून व्याह्याला केलेला हा पहिलाच. तुझ्या आईनं स्पीकर लावलेला होताच. “इवाई, भिंतीवरच्या मेंढराचे मणी गळायलेत. सूनबाई तर न्हाई इथं. कुणीतरी येऊन बघितलं तर बरं झालं असतं.” तुझी आई पटकन म्हणाली, पाठवून द्या इकडं, राजेश्री आल्यावर करील. तर म्हणाल्या, काच हाय, रस्त्यात फुटल. मग मी निघालो. मनात असं, की ती चौकट गोडीनं मागून घ्यावी, पिशवीत घालून चुडाव्याला आणावी, दार लावून दुरुस्त करावी आणि परत पाठवावी. चुडाव्याहून गाडीनं परभणी, तिथून एसटीनं पाथरी. लेकीच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही ही आपल्याकडची जुनी चाल, म्हणून पाण्याची बाटली बरोबर. वैशाखाचं ऊन, एसटीत पत्रा तापलेला, आणि मी वाटभर एकच वाक्य घोकत होतो, की पोरगी आल्यावर करील, पोरगी आल्यावर करील.

ओसरीत गेलो तर तिथं सतरंजी अंथरलेली. सतरंजीवर आपली मेंढरांची चौकट, काच काढून ठेवलेली. शेजारी वाटीत गळालेले मणी, बारीक सुई, दोरा, मेणबत्तीचा तुकडा, आणि एक चष्मा. सरजाबाई चुलीकडं जाता जाता म्हणाल्या, “बसा इवाई. च्या होईस्तोर तेवढे चार मणी भरून टाका.”

राजेश्री, मी पिशवी हातात धरून तसाच उभा. मी घोकलेलं वाक्य म्हणून बघितलं. त्या आतून म्हणाल्या, “पोरगी आल्यावर पोरगीचं काम करल. तुमी तुमचं करा.” मी बसलो. दुसरं काय करणार? चष्मा लावला, तो बरोबर माझ्याच नंबरचा निघाला. मणी एका मेंढराच्या पोटाखालचे गेले होते. धागा हातात घेतला आणि बघतच राहिलो. धागा आपण होऊन तुटला की त्याच्या टोकाला बारीक तुरा निघतो. हा साफ होता, कात्रीनं कापल्यासारखा. मी हळूच विचारलं, इहीनबाई, इथं उंदीर झालेत का? त्यांनी चहाची कपबशी माझ्यापुढं ठेवली आणि तोंडाला पदर लावला. “झालाय की एक. लय हुशार उंदीर हाय.” मग त्या हसल्या, आणि मी जो हसायला लागलो तो खोकला लागेपर्यंत. चहा कधी प्यालो ते कळलंसुद्धा नाही. बाटलीतलं पाणी तसंच राहिलं.

त्यांना मांडवातच कळलं होतं. शिवणकाम करणाऱ्या बायका सुलटी बाजू कधी बघत नाहीत, म्हणे, सुलटी सगळ्यांचीच चांगली असते. त्या उलटी बघतात. तिथं मी दोरा जिथं जिथं संपवला तिथं माझ्या बापानं शिकवलेली गाठ मारली होती, घोंगडीच्या दशांना मारतात ती, डावीकडून दोन वेढे देऊन पोटातून काढायची. मला दुसरी गाठ येतच नाही. सरजाबाईंनी ती चौकट उलटी करून बोट ठेवून दाखवलं. “ही बाईची गाठ न्हाई. ही घोंगडीवाल्याची हाय. माझा बाप हीच मारायचा. आमच्या घरात बायांना कुणी शिकवली न्हाई, मंग तुमच्या घरात कोण शिकवल?” मी म्हटलं, मग तेव्हाच का बोलला नाहीत? तर म्हणाल्या, “कामून बोलू? भरल्या मांडवात वरडू का? सून माझी, इज्जत माझी.” आणि तोरणाचं तर विचारूच नकोस. “लाडवात लोळवून तोरण पाठवल्यावर वास येणारच की. दाराला मुंग्या लागल्या व्हत्या, इवाई. पाव्हणे म्हणायले, सरजाबाई, तोरण पाकातलं हाय का?” आपण किती हुशार, बघ.

मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू. लगेच उठून निघायचं तर पाय निघेनात. बाहेर अंगणात मांडवाच्या सावलीला गोधडीचं काम चाललं होतं. शेजारच्या नर्मदाबाई आणि आणखी दोघीतिघी बसल्या होत्या. सरजाबाई म्हणाल्या, आलाच हाव तर या, दोन टाके घाला. मी म्हटलं, बायकांत? त्या म्हणाल्या, मणी काय गड्यांत बसून भरले व्हते? मग गेलो. आणि तुला सांगतो, जे मला एवढे दिवस अशक्य वाटत होतं ते कुणाला काही वाटलंच नाही. नर्मदाबाई थोड्या सरकल्या आणि मला सुई दिली. झालं. चुडाव्यात मी वर्षभर दार लावून उकाड्यात बसलो ते उगीच.

गोधडीचं काम मण्यांपेक्षा अगदी निराळं. खाली जुनं लुगडं, मधे धोतराचे, सदऱ्यांचे तुकडे, वर रंगीत ठिगळं, हे सगळं जमिनीवर अंथरून त्याच्यावरच बसायचं आणि कडेनं धावदोरा घालत आत आत सरकायचं. मणीकामात मान खाली गेली की माणूस एकटा पडतो. इथं हात चालतात आणि तोंडही चालतं. कोणत्या ठिगळाचा झंपर कोणाचा, तो कोणत्या बारशाला घेतला होता, हे सगळं शिवता शिवता निघतं. माझी सवय मण्यांची, त्यामुळे मी मुंगीएवढे टाके घालायला लागलो. नर्मदाबाईंनी बघितलं. “इवाईबुवा, लय बारीक टाके घालायलाव. गोधडी पांघरायची हाय का भिंतीला लावायची?” सगळ्याजणी हसल्या, मीही हसलो. शिवाय मण्यासारखा दोरा आवळून ओढल्यामुळं माझी ओळ चिमटून गोळा झाली. सरजाबाईंनी सगळी उसवायला लावली. गोधडीचा दोरा सैल सोडावा लागतो, म्हणजे आत कूस बदलायला जागा राहते. ते हाताला समजायला दोन दिवस गेले.

हो, दोन दिवस. मी अजून पाथरीतच आहे. तुझ्या आईला कळवलं तर म्हणाली, “मंग तिथंच ऱ्हावा, गोधडी झाल्यावरच या.” रामप्रसादराव दुकानातून आले, सासरा गोधडीवर मांडी घालून बसलेला बघितला, आणि त्यांनी काही न विचारता पंखा ओढून माझ्याकडं केला. तुझी निवड चांगली आहे. संध्याकाळी सरजाबाईंना मी मेंढराच्या पाठीचा टाका दाखवतो, तीन मणी आणि दोन मण्यांची जागा. त्यांचा पहिला मणी उठला तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, मोठ्यानं वा म्हणा, मीही म्हणालो होतो.

एक गोष्ट मात्र हसण्यातली नाही. काल उन्हात घालायला घरातल्या गोधड्या बाहेर काढल्या. त्यात एक निळ्या काठाची होती. तिच्या एका कोपऱ्यात टाके असे फिरलेले, जसं करडू मोकळं सोडलंय. एक लांब, एक आखूड, मधेच ओळ सोडून दुसरीकडं गेलेली, एका जागी रक्ताचा बारीक डाग. मी लगेच ओळखलं, तुझ्या दोन संध्याकाळींची मखमल अशीच दिसत होती. मी म्हटलं, इहीनबाई, माझी ओळ तर लगेच उसवायला लावलीत, ही का ठेवली? त्यांनी ती गोधडी माझ्या हातातून घेतली आणि नीट घडी घातली. म्हणाल्या, ही माझी रोजची पांघरायची हाय. उन्हाळ्यातसुद्धा उशाला असते. कोपऱ्यातले टाके सुटायला आलेत, पण त्या कुणाला हात लावू देत नाहीत.

मग मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, तुम्हाला मांडवातच कळलं होतं, तर रोज दुपारी पोरीच्या हातात सुई का दिलीत? तिला वाटलं, तुम्ही तिची परीक्षा घेताय. ती आता पाथरीला यायचं नाही म्हणते. हे मी बोलून गेलो, आणि सरजाबाई ती गोधडी मांडीवर घेऊन खाली बसल्या. त्यांना वाटत होतं, पोरगी शिकलेली, तिला अडाणी सासूजवळ बसायला आवडत नाही, म्हणून काही ना काही निमित्त काढून उठून जाते. एका घरात तू सुईला भीत होतीस आणि त्या तुझ्या उठून जाण्याला. मग म्हणाल्या, इवाई, तुमचं लिवणं चांगलं हाय, तिला पत्र लिवा, फोनवर मला रडू येतं. म्हणून हे पत्र. गाव तू तुला पाहिजे ते माग, धुळं माग नाहीतर पाथरी माग, मी तुला कुठलंच सांगणार नाही. फक्त भीतीनं मागू नकोस. बाकी त्यांनी मला समोर बसवून जे सांगितलं ते शब्द न बदलता लिहितो. “मला लेक न्हाई. पोरं दुकानात जातेत, दुपार खायला उठती. नुसतं बस म्हणलं तर पोरगी बसल का? म्हणून हातात सुई दिली. गोधडी तर मला एकटीलाबी येती शिवाय. तिला म्हणावं, सुई राहू दे. रिकाम्या हातानं येऊन बस.”

तुझाच,
अण्णा